कानाच्या कादंबऱ्या आणि डोळ्याच्या कादंबऱ्या

कोल्हापूर

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

महिन्याभरात चार-पाच कादंबऱ्या कशा बसवायच्या आणि ऐकलेली कादंबरी वाचलेल्यात धरायची का, असं तू विचारलंयस. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: धरायची. आपल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव हिंडले, तेव्हा समोर मांडी घालून बसलेल्यांना 'तुम्ही वाचलंत कुठं?' असं कुणी विचारलं नाही. पण कुठली कादंबरी कानाला द्यायची आणि कुठली डोळ्याला, हे सुरू करायच्या आधी ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही की माणूस तिसऱ्या प्रकरणात अडकतो आणि ऑडिओबुक आपल्या कामाचं नाही म्हणून मोकळा होतो.

पुस्तक हातात घेऊन मधली चार पानं चाळ. कुणीतरी 'मी' म्हणून सांगतंय का? माणसं एकमेकांशी बोलतायत का? मग ते कानाला चालतं. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतःच्या तोंडानं मांडतात, म्हणजे ती ऐकण्यासाठीच बांधल्यासारखी आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) तशीच: नऊ भाग, त्यातले चार कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्णाचा. ध्वनिमुद्रणात एकच माणूस सगळे भाग वाचत असेल तर मात्र एक घोटाळा होतो. मध्येच थांबवून दोन दिवसांनी सुरू केलंस की हा 'मी' नेमका कोण, तेच कळत नाही. म्हणून अशी कादंबरी भाग संपल्यावरच थांबवायची. नाइलाजानं मध्ये थांबावं लागलंच, तर पुन्हा लावताना चालू प्रकरणाच्या सुरुवातीला जायचं. तीस सेकंद मागे जाऊन भागत नाही.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' कानाला आणखी सोपी जाते. यमू स्वतःची हकीकत सांगते आणि कादंबरी मुळात 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आलेली. पुढचा अंक येईपर्यंत वाचकाला धरून ठेवायचं म्हणून केलेली बांधणी रोजच्या तासाभराच्या प्रवासाला आयती बसते. आपटे १९१९ साली वारले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे तो केव्हाच संपला आणि कुणीही हे पुस्तक ध्वनिमुद्रित करू शकतं. फायदा असा की अशी पुस्तकं फुकट मिळू शकतात. तोटा असा की कुणीही वाचू शकतं.

तेव्हा वाचणारा पारखून घे. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून ठरवू नकोस, तिथं सगळेच नीट वाचतात. मधल्या एखाद्या संवादाच्या पानावर जा. कोण बोलतंय ते आवाज न बदलताही कळतंय का, स्वल्पविरामाला श्वास घेतोय का, ण आणि ळ जागेवर आहेत का, खोली घुमतेय का, एवढं पाच मिनिटांत समजतं. आवाज बदलून नाटक करणाऱ्यापेक्षा एका सुरात पण अर्थ धरून वाचणारा दहा तास सोसवतो. पहिल्या प्रकाराचा तिसऱ्या तासाला वीट येतो.

फोनच्या यांत्रिक आवाजाकडून ई-पुस्तक वाचून घ्यायचा मोह तुला होईल. तो कामचलाऊ आहे, पण कुठं अडखळतो ते माहीत असू दे. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दाखवत नाहीत. 'जरा थांब' मधला ज वेगळा आणि शुक्राचार्यांनी ययातीला शापात दिलेल्या 'जरा'तला वेगळा. माणूस वाक्यावरून ओळखतो, यंत्र दोन्ही एकाच साच्यातून काढू शकतं. साल '१७६१' असेल तर 'सतराशे एकसष्ट' न म्हणता 'एक हजार सातशे एकसष्ट' म्हणतं आणि ऐतिहासिक कादंबरी जमाखर्चासारखी वाटू लागते. शिवाय स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ते काहीच वाचत नाही, कारण त्यात अक्षरं नसतात, पानांचे फोटो असतात.

आता आपल्या भागातल्या बोलीचं. आनंद यादवांचं कागल इथून वीसेक किलोमीटरवर. त्यांची 'गोतावळा' (१९७१) नारबा नावाचा शेतगडी त्याच्या बोलीत अख्खी सांगतो. 'मी' आहे, बोली आहे, म्हणजे वर सांगितलेल्या खुणेप्रमाणं ती कानालाच जायला हवी. पण इथं मी उलटं सांगेन. ही बोली ज्याच्या तोंडात मुरलेली आहे असा वाचणारा मिळाला तर नाद खुळा, मग पुस्तकाला हात लावू नकोस. बाहेरचा वाचणारा मात्र 'रं' आणि 'लई' उगाच लांबवतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हेल काढतो, आणि बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आल्यावर गड्याच्या जिवाची होणारी घालमेल तमाशातल्या बतावणीसारखी ऐकू येते. गावाकडची बोली म्हणजे हसायची जागा, ही खोड आपल्याला पडद्यानं लावली आणि वाचणाऱ्यांच्या गळ्यातून अजून ती जात नाही. तेव्हा 'गोतावळा' आणि यादवांचीच 'झोंबी' छापील घे आणि पहिली आठ-दहा पानं स्वतः मोठ्यानं वाच. लिहिलेली बोली डोळ्याला सुरुवातीला अडते, कारण आपण शब्दांची चित्रं ओळखत वाचतो आणि ही चित्रं अनोळखी असतात. तोंडानं उच्चारलं की कान ओळखतो. त्यानंतर मनातल्या मनात वाचलं तरी वेग येतो. तू पिंपरीत राहून बोली विसरला असशील तर वीस पानं लागतील, एवढंच.

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) सरळ डोळ्याला. दादासाहेब, भाऊसाहेब, नानासाहेब, नाना फडणवीस, त्यात शिंदे-होळकरांची माणसं आणि पलीकडचे रोहिले. छापील पुस्तकात बोट ठेवून चार पानं मागे जाता येतं, कानाला ती सोय नाही. ऐकायचीच असेल तर अर्ध्या कागदावर डावीकडे नाव आणि उजवीकडे कुणाचा कोण, एवढं लिहून समोर ठेव. शेजारी एक नकाशा असू दे, कारण नद्या आणि मुक्काम डोक्यात बसले नाहीत तर फौज उत्तरेत का अडकली तेच कळत नाही.

हिशेब असा. तासाला अंदाजे सात हजार शब्द वाचले जातात असं धर. तीनशे पानांची, पानाला अडीचशे शब्दांची कादंबरी म्हणजे पंच्याहत्तर हजार शब्द, म्हणजे पावणेअकरा तास. सव्वापट वेगानं साडेआठ. हाच आकडा विकत घेताना कामाला येतो: सातशे पानांचं पुस्तक पाच-सहा तासांत संपत असेल तर ते संक्षिप्त आहे, मग वरती काही का लिहिलेलं असेना. तुझा प्रवास रोज दोन तासांचा, कामाचे बावीस दिवस धरले तर महिन्याचे चव्वेचाळीस तास. फोन, गोंगाट आणि कंटाळा वजा जाता तीस उरतात. त्यात तीन कादंबऱ्या बसतात. रात्री वीस पानं वाचलीस तर महिन्याला सहाशे, म्हणजे आणखी दोन.

वेग पहिला अर्धा तास एकपट ठेव, वाचणाऱ्याची लय कळू दे, मग सव्वापट कर. दीडपटीला शब्द कळतात, पण संवादांमधली शांतता मरते, आणि निम्मी गोष्ट त्या शांततेत असते. फाइल आधी घरी उतरवून घे. चौसष्ट केबीपीएसला, म्हणजे नुसत्या बोलण्याला पुरेल एवढ्या प्रतीच्या आवाजाला, तासाला २९ एमबी लागतात, म्हणजे अख्खी कादंबरी सव्वातीनशेच्या आत. झोपताना टायमर पंधरा मिनिटांचाच लाव. अर्ध्या तासाचा लावलास तर सकाळी कुठवर ऐकलं ते शोधण्यातच वेळ जातो.

ऐकताना हात गुंतलेले चालतात: भांडी, इस्त्री, शेंगा फोडणं. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर देत ऐकणं चालत नाही, कारण शब्द एकाच वेळी दोन वाटांनी आत शिरत नाहीत. गाडी चालवताना तर कानात काही घालूच नकोस, बसमध्येच ऐक. आणि पावसात पत्र्याखाली आवाज वाढवत बसण्यापेक्षा कान झाकणारा हेडफोन बरा.

पहिल्या महिन्याला माझं म्हणणं विचारशील तर कानाला आपटे, खांडेकर आणि माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), तीही तरुण मास्तराच्याच तोंडून सांगितलेली आणि छोटी. डोळ्याला यादवांची दोन. 'मृत्युंजय' पुढच्या महिन्याला एकटीच ठेव, ती दुसऱ्या कुणाला जागा देत नाही. जुनी छापील प्रत तिकडं मिळाली नाही तर इथं करवीर नगर वाचन मंदिरात बघतो. १८५० पासूनचं वाचनालय आहे, ऑडिओवाल्यांनी ज्यांच्याकडे अजून ढुंकून पाहिलेलं नाही अशी पुस्तकं तिथल्या कपाटांत निघतात.

'पानिपत' घेणार असलास तर आधी कळव. नावांचा कागद तयार आहे, फोटो काढून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सदा