नव्या वस्तीतली पहाटेची झोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अटल सेतू, उरणची लोकल आणि नवा विमानतळ यांमुळे नवी मुंबईतला उलवे परिसर किती झपाट्याने वाढतो आहे, याच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. पाणी, रस्ते, शाळा यांच्या अडचणींनाही वृत्तपत्रांत जागा मिळते. इथे नव्याने राहायला आलेल्या माणसाच्या झोपेविषयी मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गिरगावातील चाळीत ३४ वर्षे काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही उलव्यात आलो. घर मोठे, उजेड भरपूर, नळ आणि संडास घरातच. तक्रारीला जागा नव्हती. तरीही पहिले आठ-नऊ महिने मला जवळजवळ रोज चाळच दिसत असे. दचकून जाग आली की मी सवयीने डावीकडे दार शोधी आणि हात भिंतीला लागे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असे म्हणून शेजारणींनी समजूत घातली. परंतु झोपमोड रोजचीच झाली आणि बेलापूरला गाडी बदलून फोर्टातल्या कचेरीत पोहोचेपर्यंत डोळे मिटू लागत.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने मला ल्युसिड ड्रीमिंगविषयी सांगितले. आपण याला सजग स्वप्न म्हणू : स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगणे. आधी मला ही भोंदूगिरी वाटली. पण यामागे प्रयोगशाळेतला पुरावा आहे. रेम झोपेत, म्हणजे जिच्यात ठळक स्वप्ने पडतात त्या झोपेत, हातापायांचे स्नायू सैल पडतात, डोळे मात्र हलू शकतात. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचा उपयोग करून घेतला. ‘हे स्वप्न आहे’ असे स्वप्नातच उमगले की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, असे त्यांनी एका प्रयोगार्थीशी आधीच ठरवले होते. तो रेम झोपेत असताना ती खूण यंत्राच्या आलेखावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवले आणि ही गोष्ट शिकण्याची पद्धतही बसवली.

पद्धत साधी आहे, पण चिकाटी लागते. उशाशी वही ठेवून जाग येताच आठवेल तेवढे स्वप्न लिहायचे; पुन्हा झोपताना ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे मनाशी घोकायचे; आणि दिवसा अधूनमधून थांबून ‘मी आत्ता जागी आहे का?’ हे खरोखर तपासायचे. एखादी पाटी वाचून नजर वळवायची आणि ती पुन्हा वाचायची, कारण स्वप्नातली अक्षरे दुसऱ्या वाचनात सहसा जशीच्या तशी राहत नाहीत. मी त्यासाठी बामणडोंगरी स्थानकाची पाटी निवडली. रोज गाडीची वाट पाहताना दोनदा वाचत असे.

सरावाच्या चौथ्या महिन्यात एका पहाटे मी पुन्हा चाळीच्या जिन्याशी उभी होते. तिथे भाडेकऱ्यांच्या नावांची पत्र्याची पाटी होती. तिसऱ्या ओळीत आमचे नाव वाचले, नजर वळवून पुन्हा पाहिले, तर त्या जागी कोळशाने ओढल्यासारख्या नुसत्या रेघा! त्या क्षणी कळले की हे स्वप्न आहे आणि मी उलव्यात माझ्या पलंगावर निजले आहे. मी सावकाश वर गेले, गॅलरीच्या लाकडी कठड्यावर हात ठेवला. त्याचा गुळगुळीतपणा तळव्याला अगदी स्पष्ट जाणवला. जाग आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. मी उठले आणि न अडखळता उजवीकडे दाराशी गेले. चाळ आजही दिसते, पण धसक्याने उठणे थांबले आहे.

एक गोष्ट मी अपेक्षिली नव्हती. ‘मी कुठे आहे?’ हा प्रश्न दिवसातून आठ-दहा वेळा मनापासून विचारायचा, तर त्याला ‘सेक्टर अमुक’ एवढे उत्तर पुरेना. म्हणून मी आमच्या मासळीवाल्या मावशींना विचारू लागले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठवली, हे मी वाचले होते. मावशी त्यांतल्याच एका गावच्या, हे ठाऊक नव्हते. त्यांना अजून स्वप्नात जुन्या घराचे अंगण दिसते. नवे रहिवासी म्हणजे आम्ही मुंबईहून आलेलेच, असे मी धरून चालले होते. त्यांचे घर तर दोन-चार मैलांवरच होते, आणि तरी त्याही नव्यानेच वसत आहेत.

हा छंद सर्वांसाठी नाही, हेही लिहायला हवे. ज्यांना मानसिक आजार आहे किंवा मुळातच झोप लागत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. यासाठी रोज पहाटे गजर लावून झोप मोडणेही चुकीचेच.

माझे मुख्य गाऱ्हाणे मात्र पुढेच आहे. झोपेचे चक्र साधारण दीड तासाचे असते आणि रात्र सरत जाते तशी त्यातली रेम झोप लांबत जाते. म्हणजे स्वप्नांचा मोठा भाग पहाटेच्या वाट्याला येतो. नेमक्या त्याच वेळी आमच्या इमारतीमागील बांधकामावर काँक्रीटचे मिक्सर येऊन उभे राहतात आणि सळया उतरवल्या जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आवाज करणारी बांधकाम यंत्रे तेव्हा चालवण्यास मनाई आहे. वाढत्या वस्तीत बांधकाम होणारच, त्याला आमचा विरोध नाही. संबंधित यंत्रणांनी दिवसा तक्रार नोंदवून घेण्यावर न थांबता आठवड्यातून एखाद्या पहाटे चार वाजता प्रत्यक्ष येऊन पाहणी करावी, एवढी विनंती आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
एक वाचक, उलवे