आधी तोंड तर उघडून बघा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूल देण्याविषयीचा कालचा लेख वाचला. 'रुग्णांनी डॉक्टरांपासून काही लपवू नये' असे त्यात बजावले आहे. सल्ला शिरसावंद्य. पण लपवायलासुद्धा आधी कोणी विचारावे लागते!

माझ्या धाकट्या भावाचे हर्नियाचे ऑपरेशन, दुर्बिणीतून, इथल्याच एका खासगी इस्पितळात ठरले. रक्त, ईसीजी, एक्स-रे झाले, फाइलवर 'फिट' असा शेरा पडला. तोंड उघडायला मात्र कोणी सांगितले नाही. गोव्यात गुटख्यावर बंदी आहे म्हणे. भावाला ती कधी आडवी आली नाही. आता त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, बटाटवडासुद्धा कुस्करून खातो. घरातल्या पोरांनाही हे ठाऊक. भूलतज्ज्ञांना कळले ते टेबलावर, सलाइन लागल्यावर. त्यांनी भूल न देताच परत पाठवले, त्याबद्दल आभार. झोपवून मग तोंडातून श्वासाची नळी गेली नसती तर काय झाले असते, ते लिहवत नाही. पण बिलात 'भूलपूर्व तपासणी'चे पैसे होतेच! विचारले, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "ते पॅकेजमध्येच येतं."

लेखात महागड्या यंत्रांचे कौतुक आहे. याला यंत्र कशाला? रुग्णाला समोर बसवून आ करायला लावायचे, जीभ बाहेर, आवाज न करता, आणि पडजीभ दिसते का बघायचे. मल्लमपती या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी ही रीत १९८५ सालीच मांडली. शिवाय रुग्णाची स्वतःचीच तीन बोटे उभी तोंडात जातात का, मान मागे किती जाते, दात हलतो का, कवळी आहे का, हेही बघायचे. एवढ्याने सगळीच अडचण आधी कळते असे नाही, मान्य. दोन बोटांचे तोंड तरी कळले असते.

पुढे दुसरीकडे भावाला जागेपणीच नाकातून दुर्बिणीने नळी घालून मग भूल दिली. तिथल्या डॉक्टरबाईंनी चार दिवस आधी बोलावले होते. 'घोरतात का?' हे त्यांनी भावाला नाही, वहिनीला विचारले. याला म्हणतात तपासणी.

जाता जाता, 'आदल्या रात्रीपासून पाणीही वर्ज्य' हे कुठून छापलेत? एरवी ठणठणीत रुग्णाला साधे पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालते; जेवणाचे नियम वेगळे. ऑपरेशन म्हणजे काय हरतालिकेचा उपास आहे? दुरुस्ती छापा, आणि कृपया पान दोनवर जाहिरातीखाली नको.

— एक वाचक, फोंडा