सत्यनारायणावर सुटलात तुम्ही

प्रिय आई-बाबा,

रविवारी पॅरिसहून ट्रेनने काँला जाऊन आले, नॉर्मंडीत आहे, दोनेक तास लागतात. फोनवर सांगायला घेतलं की आई मधेच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहितेच.

ज्याने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं तो विल्यम आणि त्याची बायको मटिल्डा यांचे तिथे दोन मठ आहेत. जवळचं नातं म्हणून पोपने १०४९ मध्ये लग्नाला मनाई केली होती, यांनी तरी केलंच, आणि दहाएक वर्षांनी माफी मिळाली तेव्हा प्रायश्चित्त म्हणून दोघांनी एकेक मठ बांधला असं सांगतात. तुम्ही एकाच गोत्राचे म्हणून आजोबा दोन वर्षं बोलले नव्हते ना, तुमचं एका सत्यनारायणावर मिटलं!

विल्यमचा मठ बाहेरून अगदी साधा, सपाट भिंत, नक्षी नाहीच म्हटलं तरी चालेल. आत गेल्यावर मात्र गोल कमानींवर कमानी, फिकट पिवळसर दगड, हाच दगड समुद्रापार लंडनच्या टॉवर किल्ल्याला नेला होता. १९४४ मध्ये शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक इथेच आसऱ्याला राहिले. मी बराच वेळ नुसती बसून होते.

बाबा, तुम्हाला आवडेल असा किस्सा: १०८७ मध्ये विल्यमला याच मठात पुरत असताना एक माणूस मधेच उठला, म्हणे ही जमीन माझ्या बापाची, बळकावलेली आहे, आणि तिथल्या तिथे पैसे दिल्यावरच पुढचे विधी झाले. राजाचाही सातबारा क्लिअर नव्हता, मग आपल्या बांधाचं काय घेऊन बसलात.

मटिल्डा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या मठात, काळ्या दगडाखाली. लग्नासाठी पोपशी भांडले आणि झोपलेत एवढे लांब, मला ते जरा लागलंच. मठाच्या उद्घाटनाला लहान लेक सेसिलियाच वाहून टाकली होती, पुढे ती तिथलीच मुख्य झाली. आई, तू हे वाचून चिडणार.

आणि १५६२ च्या दंगलीत विल्यमची कबर फोडली, आता म्हणे मांडीचं एकच हाड उरलंय. ते वाचलं आणि बाबांचा एक्स-रेच डोळ्यासमोर आला. फिजिओवाला येतो ना रोज? काठीशिवाय जिना उतरू नका, आई सांगते तुम्ही उतरता.

तुमची,
छकुली