नाना पेठेतल्या त्या दादांचे आभार

परवा संध्याकाळी आईला दवाखान्यातून घरी नेत होतो. भर पावसात आमच्या १५ वर्षं जुन्या गाडीची मागची काच खाली गेली ती वर येईचना. मोटरचा आवाजही नाही. नाना पेठेत तुम्ही शटर ओढत होतात, तरी थांबलात. आधी स्वतःचा रेनकोट आईच्या खिडकीवर लावलात, मगच बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली. दार उघडमिट होऊन आतली वायर तुटली होती. नवा तुकडा सोल्डर केलात, काच वर आली. मोटर गेली म्हणाला असतात, तरी मला काय कळणार होतं! पैसे घेतलेत ते वायरीपुरतेच. "आजी, आता निवांत जा," म्हणालात. आई अजून तेच सांगते. घाईत नाव विचारायचं राहिलं. दादा, मनापासून आभार.