वरच्या मजल्यांची कुलपं

ती. बाबांस,
सा. न.

ओस पडलेलं डाउनटाऊन, म्हणजे शहराच्या मध्यावरची जुनी पेठ, पुन्हा भरवायचं म्हणजे तुम्ही ऑफिसात बसून नेमकं करता काय, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला. म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या पेठा कुणी ठरवून मारल्या नाहीत. 1956 साली महामार्गांचा कायदा झाला, त्याच वर्षी मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल उघडला. गिऱ्हाईक गाडीत बसून गावाबाहेर गेलं, त्यामागे दुकानं गेली. मग त्याला परत आणायला जुन्या इमारती पाडून पार्किंग केलं. गाडी लावायची सोय झाली, पण जिच्यासाठी यायचं ती पेठच उरली नाही! गंमत म्हणजे साउथडेलचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनीच मिशिगनमधल्या कॅलामाझूला पेठ वाचवायचा आराखडा करून दिला. तिथला मुख्य रस्ता 1959 मध्ये गाड्यांना बंद झाला, 1998 मध्ये काही भाग पुन्हा खुला करावा लागला.

मला पटतं ते साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल. तिथले महापौर मॅक्स हेलर मूळचे व्हिएन्नाचे, नाझींपासून जीव वाचवून आलेले. सत्तरच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने मेन स्ट्रीटच्या चार लेन दोनवर आणायचं ठरलं, फुटपाथ रुंदावले, झाडं लागली. गावातल्या धबधब्यावरचा मोटारींचा पूल मात्र 2002 मध्ये पाडला आणि 2004 मध्ये तिथे पादचारी पूल झाला. म्हणजे पाव शतक! आमच्या कौन्सिलला पुढच्या निवडणुकीआधी फीत कापायची आहे.

माझा हट्ट वरच्या मजल्यांचा. खाली दुकान, वर वर्षानुवर्षं कुलूप, हे इथे सर्रास दिसतं. राहण्याजोगं करायचं तर आग विझवणारे स्प्रिंकलर, आगीतून सुटकेचा मार्ग, असे खर्च. मालक म्हणतो, राहू दे बंद. ऐतिहासिक नोंद असलेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या दुरुस्तीवर केंद्र सरकार खर्चाच्या 20 टक्के करसवलत देतं, पण जुनं रूप जपायच्या अटी कडक. मालकांसोबत बसून ते अर्ज भरणं, हेच सध्या माझं काम. वर माणसं राहिली की संध्याकाळनंतरही खाली वर्दळ राहते.

पुढच्या आठवड्यात जनसुनावणी आहे. भांडण पेटणार ते दुकानासमोरच्या पार्किंगवरून, आणि ती जागा बऱ्याचदा दुकानदारांच्याच गाड्यांनी अडवलेली असते. हे कुणाला न दुखावता कसं बोलायचं, ते सुचवा. सभा हाताळण्यात तुमचा हात कोण धरणार!

आईला नमस्कार.

तुमची,
लेक