पापलेटच्या डीएनएआधी पेटीचा पत्ता विचारा

महोदय,
पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच्या किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या गटांतला जनुकीय फरक नागपुरात बसूनही अभ्यासता येतो. पण नमुने बाजारातून उचलले की घोळ तिथेच होतो. आपल्याकडे मासळी दोन्ही किनाऱ्यांवरून येते. ठोक बाजारात पेट्या फुटल्या की मुंबईचा आणि विशाखापट्टणमचा माल एकाच बर्फात पडतो. मग गटांत फरकच दिसत नाही, आणि ‘सगळा मासा एकच’ असा अहवाल तयार! म्हणून पेटी फुटण्याआधीच बंदर विचारून, प्रत्येक ठिकाणचे ३० ते ५० पूर्ण वाढलेले मासे निवडावेत. एकाच जाळ्यातली पिल्लं घेतली तर भावंडंच हाती लागण्याची भीती असते, आणि नसलेला फरक दिसू लागतो.

माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा त्याच्या किमान पाचपट, ९५ टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) बुडवावा. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलावं, कारण तुकड्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं. कुपीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीनं लिहिलेली, शाई विरघळते. दर माशानंतर कात्री धुवावी. मासे टिकवायचं फॉर्मलिन तर नकोच, त्यात डीएनएचे तुकडे पडतात. (प्रयोगशाळेतल्या फॉर्मलिनच्या जुन्या बरण्या शोभेच्याच समजाव्यात.)

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या सीओआय या जनुकाची डीएनएची साधारण ६५० अक्षरं जात ओळखायला पुरतात. मात्र हा जनुक फक्त आईकडून येतो. म्हणून गटांचं मोजमाप करायचं तर मायक्रोसॅटेलाइटही, म्हणजे आई-वडील दोघांकडून येणारे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडेही, तपासावेत.

– प्राणिशास्त्राचे दोन अभ्यासक, नागपूर