शेकोटी विझवणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवील. तेही तो गोठ्यामागच्या त्या दगडावर चढून उभा राहिला तर, कारण तुमच्याकडं रेंज फक्त तिथं येते. त्याच दगडावर माझ्या फोनवर ‘गोव्यात आपलं स्वागत’ असा मेसेज येऊन पडला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, "बघ, तिकीट न काढता पोचलास." तुमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. निघताना विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमचं नाव कशाला घालतोस, डोंगराचं घाल की." आता डोंगराला तरी कुठं नाव आहे तुमच्याकडं! सगळे नुसतं ‘वरचा सडा’ म्हणतात. तेव्हा कणकुंबीच्या अलीकडच्या वरच्या सड्याखालचे मामा, एवढ्यावर भागवून घ्या.

महिना उलटून गेला. संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतो म्हणालो होतो, तेही झालं नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाची संक्रांत मंगल कार्यालयांच्या बुकिंगात जाते. पण ती सकाळ काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. त्याचं उरलंसुरलं कर्नाटक ओलांडत अरबी समुद्राकडं सरकलं आणि आपल्याकडं ऐन मार्गशीर्षात मळभ धरलं. ना धड पाऊस, ना ऊन. बेळगावात लोक स्वेटरवर रेनकोट घालून फिरत होते. मला मात्र आतून आनंद झाला होता. डिसेंबरात एरवी आपल्याकडचं आकाश निळंभोर असतं, सकाळचं धुकं उठलं की ऊन असं कडक की डोंगराच्या घळी काळ्या पडतात आणि कडे पांढरे. पावसाळ्यात जावं तर सगळंच हिरवं, फोटो म्हणजे ताटात वाढलेली कोथिंबिरीची चटणी. हिवाळ्यातलं मळभ क्वचित मिळतं. गवत वाळून पिवळं झालेलं असतं, त्यावर ओल बसली की ते तांब्यासारखं दिसतं. कातळ काळाभोर होतो. आणि सगळीकडून सारखा, मऊ उजेड येतो, कुठंच सावली नाही. बारा वर्षं मी नवरा-नवरीच्या तोंडावर असा उजेड पाडायला छत्र्या आणि पांढरे पडदे लावतोय. तिथं आख्ख्या सह्याद्रीवर कुणीतरी तो फुकट पसरला होता.

त्यासाठी मी एका सहलवाल्याकडं आगाऊ पैसे भरले होते. कुठल्या शहरातला ते सोडा. हिवाळ्यातला डोंगर कसा टिपायचा ते शिकवणार होता. आम्ही सहा जण होतो. जांबोटी सोडली तसं धुकं दाट झालं आणि ह्या गुरुजींचं तोंड उतरलं. दुपारी म्हणाले, "सूर्यच नाही, तर काढणार काय? चला, खाली गोव्यात जाऊ, तिथं ऊन असेल." डोंगर शिकवायला आलेला माणूस ढग बघून समुद्रावर निघाला. मी उतरतो म्हणालो, तर मला रस्त्यात उतरवून गाडी चोर्ल्याच्या दिशेनं गेलीसुद्धा. पैशांचं विचारलं तर उत्तर तयार होतं, हवामान आमच्या हातात नाही. पुढं एका राहायच्या ठिकाणी विचारलं, तर एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणाले. का देत नाही, ते सांगितलं नाही. माझ्या दाढीकडं बघून ठरवलं असावं.

आणि मग तुम्ही. डोक्यावर खोळ करून घेतलेलं पोतं, हातात कोयता. एवढ्या धुक्यात तुमचा आवाज आधी आला, तुम्ही नंतर.

"काय करूलास गा हितं? बस चुकली काय?"

मी म्हणालो, फोटो काढायला आलोय. कसले? डोंगराचे आणि ढगांचे. तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. "ह्या ढगांनी आमचं वाटोळं केलंय, आणि तू त्यांचं फोटू काढूलास?" असं म्हणून हसलात.

ते हसणं मला तेव्हा नीट कळलं नाही. खळ्यावर आलो तेव्हा कळलं. कापून आणलेलं भात मळायचं राहिलं होतं, उडवी ताडपत्रीखाली झाकली होती आणि ताडपत्री एका बाजूला कमी पडत होती. तिथला पेंढा भिजून काळा पडायला लागला होता. वर परड्यातल्या काजूला नुकती पालवी फुटलेली, ढग असेच राहिले तर ढेकण्या ही कीड पडणार, हे मामी चुलीपुढं बसून सांगत होत्या. ज्या मळभाचं मी मनातल्या मनात कौतुक करत होतो, ते तुमच्या घरात सकाळ-संध्याकाळ शिव्या खात होतं. तरी त्याच मळभातून आलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढलीत, घोंगडं दिलंत. मी आमटीचं दुसऱ्यांदा घेतलं. लाज वाटली, पण घेतलं.

ह्या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र त्यासाठी नाही.

रात्री तुम्ही खळ्यावर राखणीला गेलात. भीमगडच्या रानातून गवे उतरतात, एका रात्रीत उडवी उस्कटून टाकतात, म्हणून सगळी रात्र शेकोटी जागती ठेवायची. मी पहाटे साडेपाचला ट्रायपॉड घेऊन आलो तेव्हा तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन फुंकणीनं फुंकत होतात. लाकडं ओली. ऐनाचं एक खोड जरा सुकं होतं, ते तुम्ही जपून मधे घातलं होतं. अर्धा तास फुंकल्यावर कुठं जाळ धरला. तुमचे डोळे लाल झाले होते.

खळ्याच्या कडेवरूनच समोर तो देखावा होता. खाली म्हादईचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं, त्यातून एकामागं एक डोंगराच्या ओळी वर आलेल्या. जवळची काळसर, तिच्या मागची राखाडी, तिच्याही मागची त्याहून फिकी, सातवी की आठवी ओळ तर आहे की नाही असा संशय येण्याइतकी. मळभात असंच होतं, प्रत्येक ओळीच्या मधे हवा भरलेली दिसते. रुंद लेन्स लावली तर नुसतं पांढरं आभाळ येतं, म्हणून मी लांबची लावली आणि आभाळ बाहेरच ठेवलं. धुकं मोजताना कॅमेरा फसतो, पांढऱ्याचं करडं करून टाकतो. म्हणून उजेड एका पायरीनं वाढवला. हात गारठले होते, बटण हाताला लागत नव्हतं. एक चौकट झाली, दुसरी झाली. आणि तिसऱ्या वेळेला डावीकडून धूर आला.

थंड, जड हवेत धूर वर चढत नाही मामा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो आडवा पसरतो. तुमच्या शेकोटीचा निळसर धूर सरळ माझ्या डोंगरांच्या ओळींवरून सरपटत गेला. मी तोंडानं ‘च्च’ केलं. एवढंच. बोललो काही नाही, मागं वळून बघितलंही नाही. लग्नात कुणी मधे आलं की माझ्या तोंडून जो आवाज निघतो, तोच.

मागं फस्स असा आवाज झाला. वळून बघितलं तर तुम्ही ओल्या मातीचं घमेलं शेकोटीवर पालथं केलं होतं.

मी म्हणालो, "मामा, अहो, असू दे की!" तुम्ही हात झटकत म्हणालात, "तुझं काम हुंदे. मी काय, रोजच शेकतो." आणि मग दोन्ही हात काखेत घालून, पोतं डोक्यावर ओढून, माझ्या मागं उभे राहिलात. पाऊण तास. मधे एकदाच विचारलंत, "आलं काय?" मी हो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मग आणि एक काढ, खराब झालं असलं तर."

तुम्हाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही. पण मी गेली बारा वर्षं लोकांच्या ‘च्च’ ऐकत आणि लोकांना ‘च्च’ करत जगतोय. माझ्या आवाजावर कुणी आपली ऊब विझवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्याला पैसे दिले होते त्याला माझ्यासाठी एक तास थांबवलं नाही. ज्याच्याकडं खोल्या रिकाम्या होत्या त्यानं दार उघडलं नाही. आणि ज्याचं भात भिजत होतं, ज्याला त्या ढगांचा फोटो म्हणजे निव्वळ खुळेपणा वाटत होता, तो थंडीत कुडकुडत उभा राहिला, कारण समोरचा माणूस काहीतरी मनापासून करतोय एवढं त्याला दिसलं. चांगुलपणा असा असतो बहुतेक, आपल्याला न पटलेल्या कामालाही वाट करून देणारा. पटलेल्याला मदत करणारे पुष्कळ असतात. पण जाऊ दे, मी फार बोलायला लागलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हां, आता भाषण सुरू झालं."

आठ वाजता भुरभुर सुरू झाली ते आठवतं? मी कॅमेरा छत्रीखाली टाकला आणि आपण दोघांनी ताडपत्री ओढली. तुमच्या बाजूला पुरली, माझ्या बाजूला वीतभर उघडं राहिलंच. तुम्ही म्हणालात, "राहू दे, तेवढं जनावरं खातील." मला अजून वाटतं, पहाटे फोटोसाठी उठण्याऐवजी मी आदल्या दुपारीच शहाणा होऊन कुठून तरी एक ताडपत्री आणून दिली असती तर बरं झालं असतं. पण माझं सगळं लक्ष उजेडाकडं होतं.

आता एक कबूल करायचं आहे. म्हणूनच खरं तर पत्र लांबत गेलं.

घरी आल्यावर मी सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघितले. शेकोटी विझल्यानंतरचे, ज्यांच्यासाठी तुम्ही थंडीत उभे राहिलात ते, चांगले आहेत. स्वच्छ आहेत. पण मन धरतो तो त्या तिसऱ्या वेळेचा, धुराचा. धुकं पांढरं, डोंगर राखाडी, आणि त्यांच्या मधून तुमच्या ऐनाच्या खोडाचा तो निळसर पट्टा. बाकीच्या फोटोंत नुसता डोंगर आहे. ह्यात डोंगराखाली कुणीतरी जागं आहे, असं दिसतं. माझ्या बायकोनं पन्नासेक फोटोंतून पहिल्या झटक्यात तोच उचलला आणि विचारलं, "इथं कोण राहतं?"

म्हणजे तुम्ही विझवलीत ती शेकोटी मला हवी होती, आणि मला कळलं नाही. हे तुम्हाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

फोटो मोठा छापून घेतलाय, काचेशिवाय, कारण बसमध्ये काच फुटेल. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. सोबत एक ताडपत्री आहे, मोठी, बाजारातून मोजून आणलीय. मामींसाठी कुंदा आहे. आणि आमच्या परड्यातल्या पडलेल्या चिंचेची, दोन उन्हाळे वाळलेली फाटी, एक भारा. कंडक्टर लगेजचं तिकीट काढील, काढू दे. ढग असले तर पहाटे पुन्हा खळ्यावर बसू. तुम्ही शेकत बसा. ह्या खेपेला धूर हुंदे.

तुमचा,
वडगावचा फोटोवाला